साम्रदच्या वाऱ्यात मृग नक्षत्राचा फोटो हलतो, ट्रायपॉड बदलू का?

भटकापुणेकर
मंडळी, पौषातल्या अमावस्येला पुन्हा साम्रदला मुक्काम आहे. मागच्या वेळी सांदण दरीच्या बाजूला उघड्यावरच ट्रायपॉड लावला होता. वारा असा बोचरा की कानटोपीवर मफलर गुंडाळूनही कान ठणकत होते. कॅनन १५००डी, ५० मिमी एफ/१.८, १० सेकंद, आयएसओ १६००. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर झकास, घरी लॅपटॉपवर बघतो तर एक तारा ठिपका असेल तर शपथ! सगळ्या रेघा. मृगातला तेजोमेघ म्हणजे नुसता गुलाबी डाग. वजनदार ट्रायपॉड घेऊ का? बजेट आठ-दहा हजार.

ध्रुवमत्स्य
पैसे खिशातच राहू द्या. आधी फोटो शंभर टक्के मोठा करून रेघा बघा. सगळ्या सरळ, एकाच दिशेच्या असतील तर उगाच वाऱ्याला बोल लावू नका, पृथ्वी फिरतेय. वाऱ्याची रेघ वेडीवाकडी असते, कधी एका ताऱ्याचे दोन होतात, आणि पुढच्याच फ्रेममध्ये सगळं नीट असतं.

त्यात तुम्ही निवडलंय मृग. बाणाच्या तीन ताऱ्यांतला जो आधी उगवतो, तो जवळपास खगोलीय विषुववृत्तावरच आहे, म्हणजे पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या बरोबर वर आकाशात. तिथे तारे सगळ्यात जोरात सरकतात, सेकंदाला १५ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग). ५० मिमीला तुमच्या सेन्सरचा एक पिक्सेलही साधारण १५ विकलांचाच. म्हणजे १० सेकंदांत १० पिक्सेलची रेघ, वारा असो नसो. ध्रुवाकडे तोंड केलं असतंत तर तेवढ्याच वेळात कळलंही नसतं.

किती सेकंदांपर्यंत तारे ठिपके राहतील यासाठी लोक ५०० चा नियम सांगतात: ५० गुणिले १.६ (तुमच्या छोट्या सेन्सरचा गुणक) म्हणजे ८०, ५०० भागिले ८०, आले ६ सेकंद. २४ मेगापिक्सेलला तो फार सैल पडतो. सरळ ३ सेकंदांवर या. लेन्स एफ/२.२ करा, कोपऱ्यातल्या ताऱ्यांना पंख फुटतात ते कमी होईल. आयएसओ ३२००, आणि दोन-तीनशे फ्रेम. वाऱ्यावरही हाच उतारा आहे. झोत आला की ३ सेकंदांची एक फ्रेम जाते, ती फेकायची. उरलेल्या डीपस्कायस्टॅकर किंवा सिरिल या सॉफ्टवेअरमध्ये एकावर एक रचा. दोन्ही फुकट.

ट्रायपॉडचा मधला दांडा वर काढायचा नाही, खालचे बारीक पाय आतच. त्याला बॅग लटकवू नका, ती झुलते आणि कॅमेऱ्यालाच हलवते. कांद्याच्या जाळीच्या गोणीत दगड भरा, हुकाला दोरीने ताणून बांधा, पण गोणी जमिनीला टेकलेली हवी. कॅमेऱ्याचा पट्टा काढा, फडफडतो. जागा म्हणाल तर शेताच्या बांधाआड बसा. गाडीचा आडोसा चालेल, फक्त बॉनेट गार होऊ द्या, नाहीतर त्याच्यावरची गरम हवा तारे थरथरवते. कड्याच्या टोकाला वारा सगळ्यात जास्त, शिवाय अंधारात तिथे काम काय?

कृत्तिका_नाशिक
दादांशी सहमत. वारा आहे तोवर लेन्सवर दव धरत नाही, पण पहाटे तो पडला की बघता बघता काच धुरकट होते. मी मुलाच्या जुन्या मोज्याचं टोक कापून लेन्सवर चढवते, आत हॅण्ड वॉर्मरची पुडी. जास्तीची बॅटरी स्वेटरच्या आतल्या खिशात ठेवा, गारठ्यात ती लवकर मान टाकते. आणि टॉर्चला लाल जिलेटिन लावा हो! डोळे अंधाराला सरावायला अर्धा तास लागतो, तो पांढऱ्या उजेडात एका क्षणात वाया जातो.

भटकापुणेकर
आत्ताच पाहिलं, रेघा बहुतेक सरळच आहेत. ट्रायपॉड रद्द. मित्र ८ इंची डॉबसोनियन दुर्बीण आणतोय, चालेल ना? आणि फोकस कसा करता?

ध्रुवमत्स्य
डॉबसोनियनची नळी शिडासारखी वारा धरते. मोठ्या भिंगाने गुरू बघायला जाल तर नुसता नाचेल. त्यापेक्षा १०×५० ची द्विनेत्री (दोन डोळ्यांनी बघायची दुर्बीण) आणा आणि आडवे पडून बघा. अकराच्या सुमारास दक्षिणेला अगस्ती तारा असेल, जेमतेम १८ अंशांवर, तेव्हा तिकडे झाडी नको.

फोकस व्याधाच्या ताऱ्यावर. लाइव्ह व्ह्यू १० पट मोठा करा, ठिपका सगळ्यात बारीक होईल तिथे थांबा आणि रिंगवर चिकटपट्टी लावा. तरी मधून मधून तपासा, पारा उतरला की फोकस सरकतो.