टेकडीवरची निसर्गफेरी आणि रस्त्याला विरोध: दोन्ही एकत्र चालवावे का?

पायवाट:
पुण्याच्या पश्चिम भागात आमच्या घरांमागे एक टेकडी आहे. तिथे रोज सकाळी फिरायला येणाऱ्या काही रहिवाशांनी गेल्या पावसाळ्यापासून महिन्यातून एकदा निसर्गफेरी सुरू केली असून मुले, आजी-आजोबा आणि नव्याने राहायला आलेली कुटुंबे तिला आवर्जून येतात. आता या टेकडीच्या उतारावरून रस्ता नेण्याची चर्चा आहे आणि आमच्यातच दोन तट पडले आहेत. काहींच्या मते फेरीला येणाऱ्या प्रत्येकाची निवेदनावर सही घ्यावी. इतरांना वाटते की पक्षी पाहायला आलेल्या माणसाच्या हातात कागद ठेवला तर तो पुढच्या वेळी येणार नाही. माझा प्रश्न असा की अशा फेऱ्यांचा प्रत्यक्ष हरकतीच्या कामात काही उपयोग होतो का, आणि होत असेल तर नेमका कसा? शिवाय एका मंडळाने जूनमध्ये टेकडीवर संयुक्त वृक्षारोपण करण्याचा प्रस्ताव दिला आहे. त्याला होकार द्यावा का?

रातवा:
उपयोग होतो, पण सह्यांसाठी नव्हे. पाच हजार सह्यांच्या निवेदनाची पोच मिळते आणि बहुतेक वेळा तिथेच विषय संपतो, कारण त्यात अधिकाऱ्याने उत्तर द्यावे असे काही नसते. याउलट अमुक सर्व्हे नंबरमध्ये, अमुक तारखेला, अमुक प्रजाती दिसली, अशी सलग दोन-तीन वर्षांची नोंद असेल तर ती बाजूला सारायला कारण द्यावे लागते. म्हणून प्रत्येक फेरीची यादी ईबर्डवर, म्हणजे पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर, वेळ, अंतर आणि पक्ष्यांच्या संख्येसह भरावी. वनस्पती, कीटक व सरपटणारे प्राणी आयनॅचरलिस्ट या सर्व सजीवांच्या नोंदींच्या संकेतस्थळावर छायाचित्रासह टाकावेत. घुबडाची ढोली किंवा दुर्मीळ कंदवर्गीय वनस्पतीची जागा मात्र उघड करू नये, तिथे स्थान झाकण्याची सोय आहे ती वापरावी.

जैवविविधता कायदा, २००२ नुसार प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असणे आणि तिने लोकजैवविविधता नोंदवही, म्हणजे परिसरातील सजीवांची व त्यांविषयीच्या स्थानिक माहितीची अधिकृत नोंद, तयार करणे अपेक्षित आहे. ही कल्पना रुजवण्यात परिसंस्थाशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांचा मोठा वाटा आहे. आपल्या याद्या या समितीकडे लेखी सादर करून त्या नोंदवहीत घेण्याची विनंती करावी. नोंदवहीमुळे रस्ता थांबत नाही हे खरे, पण ‘येथे केवळ झुडपे आहेत’ असे वाक्य अहवालात सहज लिहिता येत नाही.

दुसरे काम कागदपत्रांचे आहे आणि ते आजच सुरू करावे. जमीन वनखात्याची आहे, खासगी आहे, डोंगरमाथा-डोंगरउतार विभागात येते की जैववैविध्य उद्यानाच्या आरक्षणात (दोन्हींत बांधकामावर निर्बंध असतात), हे सातबारा आणि विकास आराखड्याचा नकाशा पाहून ठरवावे. वनजमीन असेल तर १९८० च्या वन संवर्धन कायद्याखाली केंद्राची मंजुरी लागते आणि सगळे चित्रच बदलते. आराखड्यात फेरबदल करायचा असेल तर प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ खाली हरकतींसाठी एक महिना मिळतो. झाडे तोडायची असतील तर १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याने फक्त सात दिवस मिळतात. माहिती अधिकाराच्या अर्जाला उत्तर देण्याची मुदत मात्र तीस दिवसांची. म्हणजे नोटीस पाहून अर्ज केला तर माहिती हाती येईपर्यंत हरकतीची मुदत उलटून गेलेली असते.

त्या सात दिवसांच्या नोटिशीची एक प्रत झाडावर लावावी लागते. ती पहिल्यांदा कोणाच्या नजरेस पडेल? रोज त्या वाटेने चालणाऱ्याच्याच. मला विचाराल तर फिरणाऱ्यांचा सर्वांत मोठा उपयोग हाच आहे.

माळटिटवी:
वृक्षारोपणाबद्दल लिहितो, कारण रस्त्याइतकेच नुकसान मी सद्भावनेने झालेले पाहिले आहे. पुण्याच्या टेकड्या मुळात दाट जंगलाच्या नाहीत. पातळ माती, उघडा कातळ, कुसळी गवत, मधूनमधून सालई, मोई, गणेर, मेडशिंगी अशी विरळ झाडे, हेच तिथले नैसर्गिक रूप आहे. चंडोल, माळटिटवी, रातवा हे पक्षी जमिनीवरच अंडी घालतात. पहिल्या पावसात जिथे मुसळी आणि खरपुडी या कंदवर्गीय वनस्पती उगवतात, त्या जागा मेमध्ये पाहिल्या तर ओसाड वाटतात आणि नेमके तिथेच खड्डे घेतले जातात. पुण्यातल्याच वेताळ टेकडीवर पूर्वी लावलेले गिरिपुष्प हे परदेशी झाड आज किती पसरले आहे आणि त्याखाली दुसरे काही फारसे का वाढत नाही, हे आपल्या फेरीतील मंडळींना एकदा प्रत्यक्ष दाखवा. वेगळे व्याख्यान लागणार नाही.

मंडळाला तोंडावर नकार देऊ नये. ती माणसे उद्या हरकतीच्या वेळी लागणार आहेत. त्यांना पायथ्याच्या सोसायट्यांच्या मोकळ्या जागा आणि रस्त्याकडेची आळी द्यावीत, जिथे उन्हाळ्यात पाणी घालणे शक्य आहे. टेकडीवर काम हवेच असेल तर जानेवारीपासून गवत वाळल्यावर वणव्याची टेहळणी करावी. फोटो काढण्यासारखे ते काम नाही, त्यामुळे त्याला स्वयंसेवक कमी मिळतात.

मुठाकाठ:
रातवा यांचे नोंदींविषयीचे म्हणणे मान्य आहे, पण त्यात एक गृहीतक आहे: उत्तम पुरावा दिला की निर्णय बदलतो. माझा अनुभव तसा नाही. एप्रिल २०२३ मध्ये बालभारती–पौड फाटा रस्ता आणि दोन बोगद्यांच्या विरोधात वेताळ टेकडीसाठी मोर्चा निघाला, तेव्हा मोठ्या संख्येने लोक रस्त्यावर उतरले. त्यांतील कितीजणांनी पक्ष्यांची यादी वाचली असेल? ते आले कारण टेकडी त्यांच्या रोजच्या आयुष्याचा भाग होती. असा सहवास निर्माण करणे हेच फेरीचे मुख्य काम आहे आणि त्यात प्रचार मिसळला की दोन्ही बिघडतात.

म्हणून दोन्हींची व्यवस्था वेगळी ठेवावी. फेरीत रस्त्याचा विषय कोणी काढला तर खरे उत्तर द्यावे, नकाशावर रेषा दाखवावी, पण सही मागू नये. ज्याला अधिक करायचे आहे त्याला आठवड्यातील दुसऱ्या दिवशीच्या बैठकीला बोलवावे. गटाचा आकार पंधरा-वीसच्या पुढे जाऊ देऊ नये. चाळीस जणांची फेरी म्हणजे पुढच्या दहा जणांना पक्षी आणि मागच्या तीस जणांना पाठी दिसतात. आणि पायथ्याच्या वस्तीतील लोकांना विसरू नका. सरपण, गुरे, जवळची वाट या कारणांनी ते टेकडीवर आपल्याआधीपासून येतात, आणि रस्ता झाला तर सोय होईल असे त्यांच्यापैकी काहींना वाटत असेल. त्यांचे ऐकून न घेता काढलेला मोर्चा हा सदनिकाधारकांचा मोर्चा ठरतो.

पायवाट:
सर्वांचे आभार. वृक्षारोपणाचा प्रस्ताव पायथ्याकडे वळवण्याचे आम्ही ठरवले आहे आणि सह्यांचा आग्रह धरणाऱ्यांना नकाशे व सातबारा मिळवण्याचे काम दिले आहे. त्यांचा उत्साह तिथे कारणी लागेल असे दिसते. एक शंका राहते. झाडावर नोटीस दिसली आणि तिच्यावर तारीखच नसेल, तर सात दिवस कधीपासून मोजायचे?

रातवा:
त्याच दिवशी नोटिशीचे, खोडावरील क्रमांकाचे आणि आजूबाजूच्या परिसराचे छायाचित्र घ्यावे, वृत्तपत्रातील जाहिरात शोधावी, आणि तारीख नसल्याचा मुद्दा हरकतीतच पहिला मांडावा. मोजणीच्या वादात न पडता हरकत दुसऱ्या दिवशी वृक्ष अधिकाऱ्यांच्या कार्यालयात देऊन शिक्क्यासह पोच घ्यावी. एकत्रित पत्राऐवजी प्रत्येकाने आपापल्या शब्दांत वेगळी हरकत द्यावी आणि सुनावणीला बोलावण्याची मागणी तीत स्पष्ट लिहावी. या हरकतीचा मसुदा आधीच तयार ठेवता येतो; झाडांचे क्रमांक तेवढे ऐनवेळी भरायचे.