सल्ला हवा: साधा डीव्हीडी प्लेअर आणि त्याला लागणाऱ्या केबल

पार्लेकरीण

नमस्कार मंडळी. सासूबाईंकडे मराठी नाटकं-सिनेमांच्या व्हीसीडी आणि डीव्हीडींचा खोकाभर साठा आहे. त्यात मोझर बेअरच्या त्या ३४ रुपयांवाल्या बऱ्याच, शिवाय नणंदेच्या लग्नाची एक आणि दिरांनी अमेरिकेहून आणलेल्या दोन-तीन. जुन्या प्लेअरचा ट्रे उघडेनासा झाला म्हणून तो भंगारात गेला, केबलींसकट. टीव्ही नवीन आहे, ३२ इंची स्मार्ट.

यूट्यूबवर सगळं मिळतं हे कृपया सांगू नका. त्यांना सीडी घालून एक बटण दाबायचं असतं आणि मधे जाहिरात नको असते. बजेट केबलसकट अडीच हजार. ऑनलाइन पाहिलं तर एकावर एचडीएमआय लिहिलंय, दुसऱ्यावर नुसतं एव्ही, तिसऱ्यावर ५.१. शनिवारी लॅमिंग्टन रोडला जाईन म्हणते. काय बघून घेऊ?

खटपट्या

प्लेअरचं नंतर. आधी टीव्हीच्या पाठीमागे टॉर्च मारा आणि कुठकुठली सॉकेट आहेत ते इथे लिहा. भिंतीला टांगलेला असेल तर फटीतून मोबाइल घालून फोटो काढा.

पार्लेकरीण

काढला. दोन एचडीएमआय, त्यातल्या एकात सेट टॉप बॉक्स. दोन यूएसबी, अँटेनाचं एक, ऑप्टिकल लिहिलेलं एक, आणि हेडफोनसारखं बारीक गोल भोक, त्यावर 'एव्ही इन' असं लिहिलंय. लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांसाठी काहीच नाही.

खटपट्या

मग डोळे मिटून एचडीएमआयवाला प्लेअर घ्या. एकच केबल, चित्र आणि आवाज दोन्ही त्यातून.

एव्ही म्हणजे त्या लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिना. त्यातल्या पिवळ्या पिनेतून उजेड-अंधार आणि रंग हे दोन्ही एकाच तारेत कोंबून पाठवतात, मग टीव्ही ते पुन्हा वेगळे करतो. त्या कोंबाकोंबीत लाल साडीचा काठ फुटतो, नावांच्या पाटीवर मुंग्या आल्यासारखं दिसतं. एचडीएमआयमध्ये ही भानगड नाही. मात्र खोक्यावर 'फुल एचडी अपस्केलिंग' लिहिलंय म्हणून जास्त पैसे मोजू नका. आपल्याकडच्या डीव्हीडीवर चित्र असतं ७२० बाय ५७६ चं, व्हीसीडीवर तर ३५२ बाय २८८. ते ताणून मोठं करायचं काम टीव्ही स्वतःही करतोच. नसलेला तपशील कुणीच आणू शकत नाही.

केबल दीड मीटरची साधी घ्या. सोन्याचा मुलामा, '८के' वगैरे दुकानदार गळ्यात मारतील, डीव्हीडीला त्याचा काडीचा उपयोग नाही. टीव्ही भिंतीवर असेल तर टीव्हीपासून प्लेअरच्या जागेपर्यंत सुतळी धरून लांबी आधी मोजा.

लोकलचा_पास

असहमत. नुसता एव्हीवाला प्लेअर स्वस्त पडतो आणि जुन्या बाजारात ढिगाने मिळतो. तीन पिनांची केबल आणि एक कन्व्हर्टर लावला की झालं. एवढ्यासाठी एचडीएमआय कशाला?

खटपट्या

होतं, नाही असं नाही. पण लोक फसतात ते नेमके तिथेच, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

काडेपेटीहून थोडी मोठी अशी डबी मिळते. एक 'एव्ही टू एचडीएमआय' आणि दुसरी 'एचडीएमआय टू एव्ही'. दोन्ही दिसायला जुळ्या बहिणी, काम मात्र बरोब्बर उलटं. प्लेअर जुना आणि टीव्ही नवा असेल तर पहिलीच लागते. डबीवर 'इन' आणि 'आउट' छापलेलं असतं ते वाचून घ्या: तीन पिनांच्या बाजूला 'इन' हवं. तिला यूएसबीतून ५ व्होल्टही द्यावे लागतात, म्हणजे आणखी एक वायर आणि एक चार्जर.

आणि एका टोकाला एचडीएमआय, दुसऱ्या टोकाला तीन रंगीत पिना अशी डबीशिवायची नुसती केबल दिसली तर हातसुद्धा लावू नका. पिवळ्या पिनेतून ॲनालॉग जातं, एचडीएमआयला डिजिटल लागतं. मधे सर्किट असल्याशिवाय ते बदलणार कोण? ती स्वस्त असते, खपतेही खूप, आणि चित्र काही येत नाही.

पार्लेकरीणताईंच्या टीव्हीला तर एव्ही इन आहेच, त्यांना डबीचीही गरज नाही. त्या बारीक भोकात जाणारी छोटी वायर टीव्हीच्या खोक्यात आली असेल, तर तीच वापरायची. बाजारातली तशीच दिसणारी वायर चालेलच असं नाही. तिच्या टोकाला चार पट्टे असतात आणि कुठल्या पट्ट्यावर काय, हे प्रत्येक कंपनीचं वेगळं. जुन्या हँडीकॅमची वायर लावली की चित्र गायब आणि स्पीकरमधून घूंऽऽ. कधी कधी पिवळी पिन लाल किंवा पांढऱ्याच्या जागी लावून जमतं. पण अर्थिंगचा पट्टाच निराळा असेल तर वायर बदलण्यावाचून इलाज नाही.

ग्रँटरोडकर

ताई, बाजाराचं मी सांगतो. ग्रँट रोडला पूर्वेला उतरा, तिथून चालत जाता येतं. रविवारी बरीच दुकानं बंद असतात, तेव्हा शनिवारच बरा. घरून तीन सीडी घेऊन जा: एक व्हीसीडी, एक लग्नाची आणि एक अमेरिकेची. दुकानातच लावून बघा. दुकानदार स्वतःची नवीकोरी डीव्हीडी लावून दाखवेल, ती चालणारच. ट्रे दोन-चारदा आतबाहेर करा आणि सिनेमा मधूनच पुढे ढकलून बघा. लेन्स कमजोर असेल तर तिथे अडखळते.

५.१ म्हणजे मागे आवाजाची सहा सॉकेट. अँप्लिफायर आणि सहा स्पीकर नसतील तर शोभेला. बिल घ्या, बिलावर वॉरंटीचा शिक्का घ्या. चोर बाजारात जाऊ नका असं म्हणणार नाही, पण सासूबाईंसाठी नको.

पार्लेकरीण

अमेरिकेची वेगळी का लावून बघायची?

मुलुंडचे_आजोबा

कारण रीजन, म्हणजे डीव्हीडी जगाच्या कुठल्या भागासाठी आहे त्याचा क्रमांक. अमेरिकेच्या डीव्हीडीचा रीजन १, आपला ५. प्लेअर फक्त ५ चा असेल तर तो ती चालवायला साफ नकार देतो. गंमत म्हणजे नामांकित कंपनीचे प्लेअर याबाबतीत कडक आणि साध्या कंपनीचे बरेचसे सगळं गिळतात. शिवाय तिकडचं चित्र एनटीएससी पद्धतीचं, आपलं पाल. सेटिंगमध्ये टीव्ही टाइप 'ऑटो' किंवा 'मल्टी' ठेवलंत की मिटलं.

तिथेच आणखी एक: टीव्ही डिस्प्ले १६:९ करा. जुनी नाटकं ४:३ ची असतात, ती ताणून दिसली तर टीव्हीच्या रिमोटवरून चित्राचा आकार ४:३ करायचा. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतील, येऊ द्यात. नाहीतर सगळे नट गालफुगे आल्यासारखे दिसतात.

अवांतर: चित्र कृष्णधवल दिसतंय म्हणून एका शेजाऱ्यांनी टीव्हीवाल्याला बोलावलं होतं. पिवळी पिन प्लेअरच्या हिरव्या सॉकेटात होती. हिरव्यातून फक्त उजेड-अंधार जातो, रंग निळ्या आणि लाल सॉकेटांतून. प्लेअर 'पी-स्कॅन'वर (प्रोग्रेसिव्ह स्कॅन, ही चित्र पाठवायची वेगळी पद्धत) गेला असेल तरी पिवळ्या पिनेवर चित्र फाटतं किंवा जातं.

सायलेंट_वाचक

वाखूसा (वाचनखूण साठवली).

डोंबिवली_फास्ट_नाही

लग्नाच्या सीडीची आधी कॉपी करून ठेवा हो. घरी किंवा स्टुडिओत लिहिलेल्या सीडीत रंगाचा थर असतो, तो वर्षानुवर्षं टिकेलच असं नाही, आणि आपल्याकडे पावसाळ्यात बुरशी धरते ती वेगळीच. यूएसबीचा डीव्हीडी रायटर लॅपटॉपला लावायचा आणि 'व्हिडिओ_टीएस' हे फोल्डर जसंच्या तसं कॉपी करायचं. लग्नाच्या सीडीला सहसा कुलूप नसतं. तोच रायटर टीव्हीच्या यूएसबीत खुपसून सीडी चालेल अशी आशा मात्र ठेवू नका.

सीडी पुसताना मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नाही. आडवा ओरखडा प्लेअर पचवतो, गोल ओरखड्यावर अडकतो.

पार्लेकरीण

आणला! एचडीएमआयवाला, केबलसकट बजेटमध्ये बसला. अमेरिकेच्याही चालल्या. पण एक विचित्र प्रकार आहे. व्हीसीडीला आवाज छान येतो, काही डीव्हीडींना चित्र स्वच्छ आणि आवाज अजिबात नाही. केबल काढून घालून पाहिली. केबलच खराब असेल का?

मुलुंडचे_आजोबा

केबल निर्दोष आहे. केबल खराब असती तर व्हीसीडीही मुकी झाली असती. प्लेअरच्या ऑडिओ सेटिंगमध्ये 'डिजिटल आउटपुट' किंवा 'एसपीडीआयएफ' शोधा. तिथे 'रॉ' किंवा 'बिटस्ट्रीम' असणार, ते 'पीसीएम' करा. आत्ता प्लेअर डॉल्बी-डीटीएस पद्धतीने दाबून भरलेला आवाज न उलगडता तसाच पुढे ढकलतोय आणि तुमच्या टीव्हीला तो उलगडता येत नाहीये. काही डीव्हीडींवर साधा पीसीएम आवाज असतो, म्हणून त्या बोलतात.

पार्लेकरीण

'रॉ'च होतं! बदललं आणि नाटक सुरू झालं. आता शेवटचं विचारते: प्लेअर लावला की दर वेळी टीव्हीच्या रिमोटवरून सोर्स बदलावा लागतो, ते सासूबाईंना झेपत नाही.

खटपट्या

टीव्हीच्या सेटिंगमध्ये सीईसी नावाचा प्रकार असतो, कंपन्या त्याला आपापली नावं देतात. तो चालू करून बघा. प्लेअरलाही ती सोय असेल तर प्लेअर सुरू होताच टीव्ही आपोआप त्याच्यावर येतो. स्वस्त प्लेअरमध्ये बहुधा नसते. मग टीव्हीच्या रिमोटवर सोर्सच्या बटणाला लाल नेलपॉलिशचा ठिपका द्या, आणि सोर्सच्या यादीत 'एचडीएमआय २' चं नाव बदलून 'डीव्हीडी' करा. बऱ्याच टीव्हींमध्ये तसं करता येतं.