मदत हवी आहे: सात माणसांचं घर, तीन रांगांची एसयूव्ही, आणि शेवटच्या रांगेचा प्रश्न (कोल्हापूर)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतं वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. थोडा लांबलाय पण पूर्ण वाचून सांगा ही विनंती.

आम्ही मंगळवार पेठेत राहतो. घरात सात माणसं. मी, बायको, मुलगी नववीत, मुलगा तिसरीत, वडील ७६, आई ७१ आणि आत्या ६८, आत्या गेली पंधरा वर्षं आमच्याकडंच असते. सध्याची गाडी वॅगनआर, २०१३ ची. गाडीनं कधी त्रास दिला नाही, पण ती पाच माणसांची आणि घर सात माणसांचं, त्यामुळं कुठंही जायचं ठरलं की आधी कोण राहणार यावर बोलणं सुरू होतं.

गेल्या मे महिन्यात बायकोच्या माहेरी कणकवलीला लग्न होतं. म्हणून एक भाड्याची गाडी केली, आई, वडील, आत्या त्यात आणि आम्ही चौघं वॅगनआरमध्ये. राधानगरीपर्यंत मागं-पुढं होतो, दाजीपूरच्या जंगलात रेंज गेली आणि पुढची गाडी दिसेना. त्या ड्रायव्हरनं फोंडा घाट असा उतरला की आईला मळमळायला लागलं, थांब म्हणाली तरी तो थांबला नाही, वडिलांनी आवाज चढवला तेव्हा थांबला. आम्ही खाली पोचलो तर आई रस्त्याकडंला दगडावर बसलेली, आत्या तिच्या तोंडावर पाणी मारत होती. मी पाठीमागच्या गाडीत होतो आणि मला काहीच माहीत नव्हतं, हे मला अजून लागतं.

त्यानंतर श्रावणात जोतिबाला जायचं ठरवलं तर आई म्हणाली, "तुम्ही जावा, मी आणि वन्सं घर राखतो." तेव्हापासून तीन वेळा तेच वाक्य ऐकलंय. आता बास. सगळ्यांना एका गाडीतनं न्यायचं.

बजेट ऑनरोड २० लाख, फार ताणलं तर २१. महिन्याचं रनिंग ७००-८०० किमी. मी कामाला गोकुळ शिरगावला कंपनीच्या बसनं जातो, म्हणजे गाडी आठवडाभर गावातल्या गावात, मंडई, शाळा, दवाखाना, आणि महिन्यातनं एखादा घाट. गल्ली अरुंद आहे, दोन्ही बाजूला टू व्हीलर लागलेल्या असतात.

वडिलांना एसयूव्हीच पाहिजे. त्यांचं म्हणणं गाडी उंच असली की रस्ता दिसतो आणि खड्ड्याचं टेन्शन नाही, आणि ते खोटं नाही. बघितलेल्या गाड्या: एक्सयूव्ही ७००, स्कॉर्पिओ एन, सफारी, अल्काझार. भाऊजी म्हणतात कॅरेन्स नाहीतर अर्टिगा घे, वडील म्हणतात ती एसयूव्ही नव्हे.

खरी अडचण बसण्याची आहे. वडील उंच आहेत, ते पुढं माझ्या शेजारी. आई आणि आत्या मधल्या रांगेत, त्यांना मागं चढणं शक्यच नाही, आईच्या दोन्ही गुडघ्यांची झीज झालीय. आम्हाला वाटलं होतं मुलं मागं बसतील, विषय संपला. पण मुलीला घाटात मागं बसलं की हमखास उलटी होते, म्हणजे ती पण मध्ये. राहिले मुलगा आणि बायको. म्हणजे स्वतःच्या माहेरी जाताना बायकोच शंभर-सव्वाशे किलोमीटर शेवटच्या रांगेत गुडघे छातीशी घेऊन बसणार. ती काही बोलली नाही, पण मला ते बरोबर वाटत नाही.

शोरूममध्ये हे सांगितलं तर सेल्समन म्हणाला सर मागं लहान मुलंच बसतात की. सनरूफ उघडून दाखवलं, स्क्रीन दाखवली, तिसरी रांग मी दोनदा सांगितल्यावर उघडली. मी ५ फूट ७ इंच, आत गेलो खरा, पण बाहेर येताना एक पाय मोकळा व्हायला कुणाचा तरी हात लागला.

तर विचारायचं असं. मधली रांग तीन जणांची आणि मागं मोठं माणूस तीन तास बसू शकेल अशी या बजेटमध्ये खरंच कुठली गाडी आहे? आईला चढायला कुठली सोपी? आणि माझ्या रनिंगला डिझेल घ्यावं का पेट्रोल? प्रत्यक्ष म्हातारी माणसं घेऊन फिरणाऱ्यांनी सांगितलं तर लई उपकार होतील.

घाटवाट:

दादा, मी अकरा वर्षं वडाप, म्हणजे शेअर प्रवासी गाडी, चालवलीय, गारगोटी लाईनला, आता स्वतःची ट्रॅव्हल्स गाडी आहे. माणसं कशी बसतात हे मी आरशात रोज बघतो म्हणून सांगतो.

चॅसिसवरची गाडी आणि मोनोकॉक, म्हणजे वेगळा सांगाडा नसलेली, बॉडीच सांगाड्याचं काम करते ती, यातला फरक तुम्हाला रस्त्यावर कळायच्या आधी बसताना कळतो. स्कॉर्पिओ एन, इनोव्हा क्रिस्टा या चॅसिसवरच्या. खाली लोखंडी सांगाडा, त्याच्यावर बॉडी, त्यामुळं फ्लोअर उंच. तेवढी पायरी म्हाताऱ्या माणसाला जास्त चढावी लागते. आणि फ्लोअर उंच झाला की मागच्या सीटला पाय खाली सोडायला जागा राहत नाही, मांड्या सीटवरनं उचलल्या जातात आणि सगळा भार माकडहाडावर येतो. अर्ध्या तासानं माणूस चुळबुळ करायला लागतं ते त्याच्यामुळं. मोनोकॉकमध्ये पण हा त्रास असतो, पण कमी. क्रिस्टाची गोष्ट वेगळी, ती मुळातच माणसं वाहायला केलेली आहे, मागची रांग चांगली आहे, पण नवी तुमच्या बजेटच्या वर जाते.

दुसरं म्हणजे शेवटची रांग मागच्या चाकाच्या वर किंवा पाठीमागं असते, म्हणून खड्डा तिथंच जास्त लागतो. पोरीला मागं उलटी होते त्याचं पण एक कारण तेच, आणि दुसरं कारण समोरचा रस्ता दिसत नाही. तिला मध्ये बसवा हे तुमचं बरोबर आहे. दोन सीटच्या फटीतनं रस्ता दिसेल अशी बसवा, खिडकीकडं नको, आणि मोबाईल हातात देऊ नका.

आणखी एक, डिकी. तिसरी रांग उभी ठेवून डिकी उघडा आणि मग ठरवा. सफारीची सात जण बसल्यावर ७३ लिटर राहते, म्हणजे दोन हँडबॅगा. अर्टिगाची २०९, कॅरेन्सची २१६ लिटर आहे. कणकवलीस्नं येताना नारळ, तांदूळ, आंब्याच्या पेट्या घेऊन येणार ना तुम्ही? कॅरियर बसवावा लागला तर तो खर्च आत्ताच धरा. स्कॉर्पिओ एनची शेवटची सीट अखंड आहे, अर्धी दुमडून अर्ध्यात सामान ठेवायची सोय नाही.

उद्यमनगर_वर्कशॉप:

इंधनाबद्दल मी सांगतो. तुमचं रनिंग वाचून डिझेल नको म्हणेन.

बीएस ६, म्हणजे धुराच्या आताच्या नियमातल्या, डिझेलला सायलेन्सरच्या लाईनमध्ये फिल्टर असतो, डीपीएफ. धुरातली काजळी त्यात साठते आणि गाडी सलग चांगल्या वेगात पळाली की एक्झॉस्ट तापून ती काजळी जळून जाते. मंगळवार पेठ ते मंडई, मंडई ते शाळा असं दोन-दोन किलोमीटर चालवलं तर तापमान तिथपर्यंत पोचतच नाही, फिल्टर भरत जातो, मग दिवा लागतो. माझ्याकडं येणाऱ्या बऱ्याच गाड्यांत बिघाड काहीच नसतो, फक्त गाडी कधी मोकळी पळालेली नसते. डिझेलच घेतली तर आठवड्यातनं एकदा हायवेनं कागलपर्यंत जाऊन यायचं, एका गतीत, आणि दिवा लागलेला असताना मध्येच इंजिन बंद करायचं नाही.

पैशाचं पण बघा. महाराष्ट्रात १० ते २० लाखाच्या गाडीला रोड टॅक्स पेट्रोलला १२ टक्के आणि डिझेलला १४ टक्के. पंधरा लाखाच्या गाडीला इथंच ३० हजाराचा फरक. शिवाय डिझेलची मूळ किंमत जास्त. महिन्याला ७०० किमीमध्ये ते वसूल व्हायला लई वर्षं जातील. जुने व्हिडिओ बघून किमतीचा हिशोब करू नका, २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांचा सेस जाऊन सरळ ४० टक्के जीएसटी झालाय, आधी एसयूव्हीला सगळं धरून ५० पर्यंत जात होतं. नवीन कोटेशन लेखी घ्या.

फक्त एक लक्षात ठेवा. साध्या पेट्रोल इंजिनला, म्हणजे टर्बो (इंजिनात जादा हवा ढकलणारा पंखा) नसलेल्या, सात माणसं आणि एसी घेऊन घाट चढताना गिअर खाली ठेवावा लागतो. अर्टिगा साधारण १०३ पीएसची (पीएस म्हणजे इंजिनच्या ताकदीचं माप), कॅरेन्सचं साधं पेट्रोल ११५. चढते, बंद पडत नाही, पण ओव्हरटेक विचार करून. टर्बो पेट्रोलला ताकद भरपूर, ॲव्हरेज कमी.

कुणीतरी तुम्हाला सेकंडहँड क्रिस्टा सुचवेलच. वाईट नाही, पण आपल्या भागातली गाडी घेताना २०१९ आणि २०२१ च्या पुरात होती का ते बघितल्याशिवाय टोकन देऊ नका. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढा, आतल्या टोकाला मातीची रेघ असली तर गाडी पाण्यात होती. सीटच्या खालच्या रेलवर गंज, स्टेपनीच्या खळग्यात गाळ, कार्पेट उचलून वास. सीट कव्हर नवीन असलं तर जास्तच बारकाईनं बघायचं.

राजारामपुरीकर_ताई:

दादा, तुमचा धागा वाचून राहवलं नाही. माझ्या सासूबाई ७८ च्या आहेत, दोन वर्षांपूर्वी आम्ही हेच सगळं केलंय.

आधी घरी मोजा. तुमच्या आई जिना चढताना किती पाय उचलतात? आमच्या जिन्याची पायरी साडेसात इंच, सासूबाईंना ती एक जमते, दोन पायऱ्यांएवढं एकदम जमत नाही. म्हणजे गाडीचा फ्लोअर जमिनीपासून १५ इंचाच्या वर गेला की मध्ये टेकायला काहीतरी पाहिजेच. टेप घेऊन शोरूममध्ये जावा, मी नेला होता, कुणी काही म्हणत नाही. साईड स्टेप लावून देतो म्हणतील, पण तिची रुंदी बघा, अर्धं पाऊल मावतं आणि पावसात चप्पल घसरते. आम्ही सुताराकडनं सहा इंच उंचीचा पाट करून घेतलाय, खाली रबर ठोकलंय, दोरी बांधलीय, त्या आत बसल्या की दोरीनं वर ओढून घ्यायचा.

चढायची पद्धत पण शिकवावी लागते. पाय आधी टाकायचा नाही. आधी पाठमोरं होऊन सीटवर टेकायचं, मग दोन्ही पाय एकदम आत घ्यायचे. साडी असली तर हेच बरं पडतं. त्यासाठी सीटची उंची त्यांच्या कमरेच्या किंचित खाली पाहिजे. फार उंच गाडीत टेकताच येत नाही आणि फार बुटक्या गाडीतनं उठता येत नाही. दरवाज्याच्या वर आणि शक्यतो बाजूच्या खांबाला पण हँडल आहे का बघा, गुडघे दुखणारं माणूस हातावर चढतं.

आता तुमच्या मिसेसचं. मधली सीट पुढं दुमडल्याशिवाय मागं जाता येत नाही, आणि दरवेळी आई-आत्यांना उतरवून सीट दुमडायची म्हणजे चहाला थांबणं पण नको वाटतं. मधली रांग ६०:४० असते, त्यातली डाव्या दाराकडची एकटी सीट दुमडते का ते बघा. तसं असेल तर मुलगी तिथं बसवा, आई आणि आत्या उरलेल्या दोन सीटवर. थांबलं की फक्त मुलगी उतरेल, मागचे बाहेर. आत्यांचा गुडघा आईंपेक्षा बरा असेल तर मधल्या जागेवर त्या, उजव्या दाराला आई, आणि उजवीकडनं उतरताना रस्त्याकडं एक माणूस उभं राहिलंच पाहिजे. कॅरेन्सला वरच्या व्हेरियंटमध्ये डावी सीट बटण दाबलं की आपोआप दुमडते. एक्सयूव्ही ७०० ला पण डावी सीट एका खटक्यात उलटते.

मिसेसना नेऊन मागं बसवा, पाच मिनिटं नव्हे, चाळीस मिनिटं. पुढच्या सीटवर आई प्रत्यक्ष बसलेल्या पाहिजेत, रिकामी सीट पुढं सरकवून कुणीही जागा दाखवतं. आणि मागच्या दोन सीटला डोक्यामागचा हेडरेस्ट, एसीची हवा, आणि कर्टन एअरबॅग, म्हणजे खिडक्यांवर पडद्यासारखी उघडणारी, तिथपर्यंत येते का, हे ब्रोशरमध्ये बोट ठेवून विचारा.

धागाकर्ता:

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, तुमचा प्रतिसाद घरात मोठ्यानं वाचला. बायको काही बोलली नाही, उठून टेप शोधायला लागली.

रविवारी सगळे सात जण दोन रिक्षा करून गेलो. आईचा पाय घरी मोजला होता, आमची पायरी सात इंच, तिला नऊपर्यंत जमतं. उंच गाड्यांत तिनं हँडल धरलं, एक पाय वर ठेवला आणि तिथंच थांबली, मागं वळून माझ्याकडं बघितलं. वडील बाजूला उभे होते. त्यांनीच म्हटलं, ही नको, पुढची दाखवा. त्यानंतर एसयूव्हीचा विषय त्यांनी स्वतःहून काढलेला नाही.

कॅरेन्समध्ये पाठमोरी टेकून आई एकटी बसली. बायको मागं पस्तीस मिनिटं बसली, मुलगा शेजारी, पुढं आत्या आणि मुलगी. ती म्हणाली पाय बरे आहेत, पण मांडीखाली थोडी पोकळी राहते, एक उशी लागेल. एक्सयूव्ही ७०० मध्ये पुढच्या दोन्ही रांगा तिला आवडल्या, मागं मात्र गुडघे वर आले. ती ४६९५ मिमी लांब, आमच्या गल्लीच्या वळणावर मी अंतर मोजून आलोय, एका फेऱ्यात वळणार नाही. डिझेलचा विचार सोडला.

आता एकच शंका आहे. साधं पेट्रोल घ्यायचं का टर्बो, हे सात माणसं भरून चढ चढल्याशिवाय मला कळणार नाही, आणि मुलीला मधल्या सीटवर त्रास होतो का ते पण तेव्हाच कळेल. टेस्ट ड्राइव्ह म्हणून शोरूमवाले हायवेला दोन किलोमीटर नेऊन आणतात. सगळ्यांना बसवून पन्हाळ्यापर्यंत गाडी द्यायला कुणी तयार झालंय का? डिझेल-पेट्रोलचे पैसे मी द्यायला तयार आहे. कोल्हापुरात कुणी असं मागून घेतलं असेल तर कसं बोलायचं तेवढं सांगा, शनिवारी परत जाणार आहे.

घाटवाट:

देतात. आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी लवकर मागा, शनिवार-रविवार गर्दीत नाही देणार. बुकिंग फॉर्म समोर ठेवून म्हणायचं, पन्हाळा करून आलो की सही करतो. आणि निघायच्या आधी टायरमधली हवा बघा, ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर स्टिकर असतो, त्यात फुल लोडचा आकडा वेगळा दिलेला असतो, डेमो गाडीत तेवढी भरलेली नसते. वाघबीळ सोडल्यावर चढ सुरू होतो, तिथं एसी चालू ठेवूनच चढवा.