मदत हवी आहे: ड्रेफस प्रकरणावरचा सिनेमा आणि मराठीत वाचायला काही

नमस्कार मंडळी, फ्रान्समधल्या आल्फ्रेड ड्रेफस प्रकरणावरचा २०१९ चा 'जाक्यूज' बघितला आणि डोक्यातून जातच नाहीये. १८९४ साली जर्मन वकिलातीच्या कचरापेटीत फ्रेंच लष्कराची गुपितं पुरवणारी एक फाटकी चिठ्ठी सापडते, अक्षर थोडंफार जुळतं म्हणून फ्रेंच सैन्यातल्या कॅप्टन ड्रेफसला देशद्रोही ठरवतात आणि तो ज्यू आहे एवढ्यावर अर्ध्या लोकांना ते लगेच पटतं पण, मग थेट डेव्हिल्स आयलंड, म्हणजे दक्षिण अमेरिकेजवळचं फ्रेंच कैद्यांचं बेट, तिथे रात्री बेड्यांनी पलंगाला जखडून ठेवायचे, आणि खरा गुन्हेगार, फ्रेंच सैन्यातलाच अधिकारी एस्टरहाझी मात्र १८९८ मध्ये निर्दोष सुटतो! सगळ्यात संताप याचा आला की १८९९ ला फ्रान्समधल्या रेन शहरात परत खटला चालला आणि तोवर खोटी कागदपत्रं उघड झालेली असूनही पुन्हा दोषीच ठरवलं. निर्दोष ठरायला १९०६ उजाडलं.

सिनेमा कर्नल पिकारच्या (खरा गुन्हेगार शोधून काढणारा लष्करी अधिकारी) बाजूने सांगितलाय, ते उत्तमच आहे, पण मला ड्रेफसची बायको ल्युसी आणि भाऊ मात्यू यांची लढाई बघायची आहे, कारण सगळे गप्प होते तेव्हा पहिल्यापासून तीच दोघं झगडत होती. त्यांच्यावर भर असलेला सिनेमा, सिरीज, डॉक्युमेंटरी कुणाला माहितीये का? इंग्लिश सबटायटल्स असली तरी चालेल. आणि फ्रेंच कादंबरीकार एमिल झोलाचं ड्रेफसच्या बाजूने लिहिलेलं १३ जानेवारी १८९८ चं ते खुलं पत्र मराठीत पूर्ण कुठे वाचायला मिळेल? अकरावीतल्या भाचीला द्यायचंय, तिला ज्यूद्वेष म्हणजे फक्त हिटलर एवढंच माहितीये. प्लीज सुचवा.