पहिल्यांदा लिनक्स टाकलं तेव्हा… (तुमचेही अनुभव लिहा)

उपद्व्यापी
परवा एका मॉलमध्ये जाहिरातींचा मोठा पडदा बंद पडला होता. सगळा काळा, वर कोपऱ्यात दोनच ओळी. 'एरर: नो सच पार्टिशन' आणि खाली 'ग्रब रेस्क्यू'. लोक आपले बाजूने जात होते, मी मात्र जागीच थबकलो. जुना सावकार समोर यावा तसा पोटात गोळा आला.

२०१० साल. घरात एकच कॉम्प्युटर, विंडोज एक्सपीवाला, आणि तो ताईचा. म्हणजे घेतला सगळ्यांसाठी होता, पण ताईचा प्रबंध त्यात होता म्हणून ताईचा. मी उबंटू १०.०४ (विंडोजऐवजी चालणाऱ्या लिनक्सचा एक प्रकार) उतरवलं, सीडी बनवली आणि ती बाहेर गेल्यावर डिस्कचा एक तुकडा पाडून त्यात टाकलं. पहिल्या दिवशी काय तो रुबाब! जांभळा पडदा काय, सरकणाऱ्या खिडक्या काय. मग गाणी वाजेनात (एमपी३ साठी वेगळं काहीतरी टाकावं लागतं हे कोणाला माहीत), जागाही कमी पडायला लागली. म्हणून मी शहाण्यासारखं एक्सपीत जाऊन ते लिनक्सचं पार्टिशन उडवलं. ब्याद गेली म्हणून रीस्टार्ट केला, तर ह्या दोन ओळी.

आता कळतं की मशीन चालू झालं की आधी ग्रबला, म्हणजे लिनक्स की विंडोज ते विचारून चालू करणाऱ्या प्रोग्रॅमला, उठवतं, आणि ग्रबचं बाकीचं सगळं सामान मी उडवलेल्या पार्टिशनमध्येच होतं. एक्सपी आणि प्रबंध दोन्ही आत सुखरूप, फक्त दार उघडणारा मी घालवला होता. पण तेव्हा मला वाटलं सगळंच गेलं. ताई साडेपाचला येणार. मित्राला फोन केला, तो म्हणाला एक्सपीची सीडी घाल, रिकव्हरी कन्सोलमध्ये जा आणि 'फिक्सएमबीआर' मार, ग्रब जाऊन परत थेट विंडोज चालू होईल. त्यावर ते मशीन मलाच विचारतंय, पार्टिशन टेबल बिघडू शकतं, तरी करायचं का? डोळे मिटून वाय दाबलं.

ताईला अजून माहीत नाही. तुमचं सांगा.

भोचक
मी ताई. वाचलं सगळं.

उपद्व्यापी
@भोचक अहो खरंच दचकलो ना!

टिंब
रुमाल टाकून ठेवते. कपडे वाळत घालून येते.

जुनाट
तुम्हाला निदान 'रेस्क्यू' असा दिलासा तरी होता. आमच्या वेळच्या ग्रबमध्ये नुसतं 'एरर २२'. अर्थ तोच, पण तो शोधायला दुसऱ्या कोणाचा तरी चालू कॉम्प्युटर लागायचा.

माझं पहिलं म्हणजे मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरचं रेड हॅट. सगळं झकास बसलं, मोडेम चालेना. तो निघाला विनमोडेम, म्हणजे स्वतःचं निम्मं काम विंडोजमधल्या सॉफ्टवेअरवर ढकलणारा. आता नेट लागायला ड्रायव्हर हवा आणि ड्रायव्हर आणायला नेट हवं. मग विंडोजमध्ये जा, फाइल उतरव, फ्लॉपीवर घे, लिनक्समध्ये ये, ते म्हणणार अजून अमुक पॅकेज पाहिजे, की परत विंडोज. तीन रविवार गेले असे. चौथ्या रविवारी एकाचा बाहेरून जोडायचा सिरियल मोडेम मागून आणला, पाच मिनिटांत लागला. त्यानंतर तो परत द्यायचा राहिलाच.

अर्धविराम
@जुनाट वीस वर्षांनी माझं वायफायचं तेच! फक्त फ्लॉपीऐवजी फोन. केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू केलं, नेट आपोआप आलं, मग ड्रायव्हर त्यानेच शोधून दिला.

सांजवात
माझं सांगायला लाज वाटते पण सांगते. टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायची खिडकी) सुडो, म्हणजे अ‍ॅडमिनच्या हक्काने चालव, म्हटलं की पासवर्ड विचारतो ना. मी टाइप करतेय, काहीच उमटत नाही. अक्षरं सोडा, टिंबंसुद्धा नाहीत. कीबोर्ड बदलला हो मी. दुसऱ्यावरही तेच. म्हटलं यूएसबीचं भोकच गेलं असणार. तो पासवर्ड मुद्दामच दाखवत नाही हे नंतर कळलं.

टिंब
'टिंबंसुद्धा नाहीत' हे मला आहे का? आले ना सांगून, येते म्हणून!

काळा_खडू
मला ह्या विषयावर अजून नीट हसता येत नाही. इन्स्टॉल करताना विचारतात ना, शेजारी टाकू की डिस्क पुसून टाकू. मी घाईत दुसरं निवडलं. दोन डिस्क होत्या, एसडीए आणि एसडीबी. मला वाटलं रिकामी एसडीबी निवडलीय. फोटोंची होती ती. मुलगी जन्मल्यापासूनची दोन वर्षं.

एकच गोष्ट बरी केली, कळल्याबरोबर मशीन बंद केलं आणि त्या डिस्कवर पुढे काही लिहिलं नाही. मग दुसऱ्या मशीनला जोडून फोटोरेक हे पुसलेल्या फाइली शोधणारं सॉफ्टवेअर चालवलं. ते पार्टिशनकडे बघतच नाही, डिस्क सलग वाचत जातं आणि फाइलची सुरुवात ओळखून बाहेर काढतं. त्यामुळे बरंच मिळालं, पण नावं नाहीत, फोल्डर नाहीत. एफ आणि पुढे नुसते आकडे. वाढदिवसाच्या फोटोशेजारी कुठल्यातरी वेबसाइटचं बटण. जिथे उबंटूच्या फाइली बसल्या होत्या तिथलं गेलं ते गेलंच. बायको रोज रात्री बसून शंभर-दोनशे निवडायची. एका शब्दाने बोलली नाही मला. बोलली असती तर बरं झालं असतं.

सांजवात
@काळा_खडू अरेरे. वाचतानाच कसंतरी झालं. किती मिळाले शेवटी?

काळा_खडू
बरेचसे. पहिलं पाऊल टाकलं तो नाही मिळाला. म्हणजे होता की नव्हता ह्यावरही आमचं एकमत नाही.

डोंगरवाटा
माझी तक्रार फार किरकोळ आहे मग. पहिल्यांदा मराठी लिहायला बसलो, ट्रेकचं वर्णन. 'डोंगरदऱ्या' लिहिलं की 'डोंगरदर्या' उमटायचं. अख्ख्या लेखात दऱ्यांचा समुद्र झाला. फॉन्ट बदलून पाहिले, आयबसमधले (लिनक्सवर भाषा निवडायचं साधन) कळफलक बदलून पाहिले. शेवटी कळलं की आपला साधा र नाही चालत, खाली नुक्ता असलेला ऱ वेगळा टाकायचा, मग हलन्त, मग य. इनस्क्रिप्ट कळफलकात शिफ्ट दाबून जे. ह्यात लिनक्सचा काहीच दोष नव्हता, मी चार दिवस त्याला शिव्या घातल्या.

जुनाट
@डोंगरवाटा त्या अर्ध्या र ला रफार म्हणत नाहीत हे तरी आता लोकांना कळू दे. रफार डोक्यावर.

भोचक
आधी 'लिनक्स' की 'लायनक्स' ते ठरवा.

जुनाट
लिनक्स बनवणाऱ्या तोरवाल्ड्सने स्वतः बोलून ध्वनिफीत करून ठेवली आहे. ऐकलं तर 'लिनुक्स'च्या जवळ जातं. लायनक्स नाही.

भोचक
आमच्या सरांना सांगा. तोंडी परीक्षेत माझे गुण गेलेत 'लिनक्स' म्हणून.

अर्धविराम
घड्याळाचं कुणाला झालंय का? उबंटूतून विंडोजमध्ये आलं की घड्याळ साडेपाच तास मागे. मला वाटलं मदरबोर्डवरची बटण-बॅटरी गेली. बदलली. परत मागे. परत बदलली. मग कुठेतरी वाचलं की लिनक्स मशीनच्या घड्याळात यूटीसी (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागची जागतिक वेळ) लिहून ठेवतं आणि विंडोज त्यालाच स्थानिक वेळ समजतं. एका ओळीच्या कमांडचं काम होतं. बॅटऱ्या अजून खणात आहेत, कोणाला हव्या असतील तर सांगा.

सांजवात
@अर्धविराम कीबोर्डबरोबर अदलाबदल करू.

टिंब
आले. मी ह्या धाग्यात ताईच्या बाजूची आहे. माझ्या भावाने मला न विचारता माझ्या लॅपटॉपवर लिनक्स टाकलं, 'फास्ट करून दिलाय' म्हणाला. वर्ड नाही, ओपनऑफिस. फाइल उघडली की तक्ते इकडचे तिकडे. पंधरा दिवस त्याच्याशी बोलले नाही. बोलायचंच नव्हतं तर विचारणार कोणाला, म्हणून स्वतःच शोधत बसले आणि हळूहळू हात बसला. आज मी मिंट (हाही लिनक्सचाच प्रकार) वापरते आणि तो विंडोज. गेम्ससाठी म्हणे. @उपद्व्यापी, ताईला सांगून टाका. तिला तेव्हाच कळलं असणार.

उपद्व्यापी
@टिंब अशक्य. मी सीडीसुद्धा जागेवर ठेवली होती.

टिंब
माझा भाऊपण हेच म्हणतो.

अर्धविराम
धागा वाचून जोर आलाय. दुसरा जुना लॅपटॉप पडून आहे, विंडोज ११ साठी चालणार नाही म्हणतो आणि १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मिंट टाकू का?

काळा_खडू
आधी फोटो दुसरीकडे घ्या. मग पेनड्राइव्हवरूनच चालवून बघा, इन्स्टॉल न करता. वायफाय, आवाज, झाकण मिटून उघडल्यावर जागा होतो का. आणि बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावायचं कुलूप) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा, बायोसमधल्या सिक्युअर बूट ह्या सेटिंगला हात लावला की मागतो.

अर्धविराम
घेतले फोटो. पण बूट मेनूत पेनड्राइव्ह दिसतच नाहीये. एफ२ दाबू की एफ१२?

जुनाट
दोन्ही. आळीपाळीने. पडद्यावर कंपनीचं चिन्ह यायच्या आधीपासून.

अर्धविराम
विंडोजच चालू झालं परत.

जुनाट
हळू दाबलंत.