पुनर्मुद्रांकित नाण्यावरचा मूळ ठसा कसा ओळखावा?

प्रश्न (नवसंग्राहक):
माझ्या संग्रहात नुकतेच चांदीचे एक लहान नाणे आले आहे. त्याच्या एका बाजूस तीन कमानींची टेकडी व तिच्याभोवती ब्राह्मी अक्षरे आहेत, तर दुसऱ्या बाजूस उज्जयिनी चिन्ह (अधिकच्या खुणेच्या टोकांना चार वर्तुळे) आहे. मात्र टेकडीच्या उजव्या अंगाला नाकाचा शेंडा आणि ओठ वाटावेत असे उंचवटे दिसतात. विक्रेत्याच्या मते हा केवळ ‘दुहेरी ठसा’ आहे. तसे असेल का, आणि खात्री कशी करावी?

उत्तर (रौप्यमुद्रा):
दुहेरी ठशात तोच साचा किंचित सरकून पुन्हा बसतो, त्यामुळे तीच अक्षरे आणि तीच चिन्हे जोडीने उमटतात. आपल्या नाण्यावर खालच्या थरात चेहरा आणि त्यावर टेकडी आहे, म्हणजे साचेच वेगळे. वर्णनावरून हे पश्चिम भारतातील क्षहरात घराण्याचा शक राजा (क्षत्रप) नहपान याचे नाणे असून सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने ते पुन्हा मुद्रांकित केलेले, म्हणजे जुन्या नाण्यावरच आपला ठसा मारलेला, दिसते. नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे १९०६ साली सापडलेल्या साठ्यात नहपानाची १३ हजारांहून अधिक नाणी होती आणि त्यांपैकी ९ हजारांहून अधिक नाण्यांवर असाच सातवाहन ठसा होता. कोणी कोणाचा पराभव केला, याचा इतका रोकडा पुरावा क्वचितच मिळतो.

तपासताना टेकडी सरळ धरून पाहू नका. जुना ठसा नव्याच्या तुलनेत कोणत्याही कोनात असू शकतो, म्हणून प्रकाश एका बाजूने अगदी तिरका सोडून नाणे थोडे थोडे फिरवत छायाचित्रे घ्या. जुने अवशेष बहुधा कडेला आणि नव्या साच्याचा दाब कमी पडलेल्या जागी टिकतात. नहपानाच्या चेहऱ्याभोवती असणारी ग्रीक वळणाची अक्षरे कडेला मिळाली, तर शंका उरणार नाही.

उत्तर (जुनाठसा):
वरील मताशी मी सहमत आहे. एक सावधगिरी तेवढी सुचवतो. ओतीव नकलेतही खालचा चेहरा जसाच्या तसा उतरतो, त्यामुळे तो दिसला म्हणून नाणे अस्सल ठरत नाही. याउलट, प्रत्येक पुनर्मुद्रांकन एकमेव असते. दोन नाण्यांवर जुने अवशेष नेमक्या त्याच जागी व त्याच कोनात आढळले, तर दोन्ही एकाच नाण्यावरून ओतलेली असण्याची किंवा त्यांतील निदान एक नक्कल असण्याची शक्यता दाट असते. आणि कृपया नाणे घासून स्वच्छ करू नका. पुसट अक्षरे आधी जातात.

नवसंग्राहक:
मनःपूर्वक आभार. नाणे जवळजवळ उलटे फिरवल्यावर कडेला तीन ग्रीक अक्षरे दिसली. दुसऱ्या बाजूस उज्जयिनी चिन्हाच्या एका वर्तुळातून बाणाचा दांडा आरपार गेलेला आहे, परंतु नहपानाच्या नाण्यांवर बाणाशेजारी असणारे वज्र मात्र कुठेच सापडत नाही.

रौप्यमुद्रा:
ते बहुधा शेजारच्या वर्तुळाखाली दबून सपाट झाले असावे. बाण मिळाला, एवढे पुरेसे आहे.