बीबीसी मायक्रो सुरू करण्याआधी काय तपासू?

प्रश्न: नागपुरातच बीबीसी मायक्रो मॉडेल बी (१९८०च्या दशकातला ब्रिटिश संगणक) मिळतोय, १९८४च्या 'क्लास' या शालेय संगणक शिक्षण योजनेतला, शाळेचा. मूळ रूप न बिघडवता सुरू कसा करू?

उत्तर १: भाऊ, आधी प्लग लावूच नका! पॉवर सप्लायमधले पिवळसर पारदर्शक, रिफा कंपनीचे कपॅसिटर (वीज साठवणारे छोटे भाग) बघा. त्यांच्या आवरणाला बारीक तडे जातात, आतल्या कागदात ओल शिरते आणि २३० व्होल्ट मिळाले की धूर. ०.१ आणि ०.०१ मायक्रोफॅरडचे एक्स२ वर्गाचे (थेट मेन्सवर चालणारे सुरक्षित), २७५ व्होल्ट एसीचे पॉलिप्रॉपिलीन कपॅसिटर घ्या. पायांमधलं अंतर मोजूनच बर्डीला (सीताबर्डीच्या बाजारात) जा. 'फिक्स' लिहिलेले चार स्क्रू काढले की संगणकाचं झाकण निघतं. मोठ्या फिल्टर कपॅसिटरवर ३०० व्होल्ट राहू शकतात, मीटरने तपासल्याशिवाय हात नको. मग मदरबोर्ड न जोडता, १२ व्होल्ट २१ वॉटचा गाडीचा बल्ब लोड म्हणून लावून ५ व्होल्ट मोजा.

उत्तर २: काढलेले कपॅसिटर तारीख लिहून पिशवीत जपा. बाहेरच्या प्लास्टिकचा पिवळेपणा घालवायला पेरॉक्साइड अजिबात नको, त्याने डाग पडू शकतात. आणि मे महिन्यात संगणक गच्चीखालच्या खोलीत ठेवू नका, तिथे भट्टीच असते.

प्रश्नकर्ता: कपॅसिटर तडकलेलेच निघाले! आज बर्डीला जातो.